रक्तात ‘एम प्रोटीन’ आढळले: एमजीयूएस, मायलोमा की अमायलॉइडोसिस? निदान कसे ठरते?

थकवा, पाठदुखी किंवा नेहमीची तपासणी म्हणून रक्त दिले आणि रिपोर्टवर ‘एम बँड आढळला’ किंवा ‘एम स्पाइक’ असा शेरा आला, की बहुतेक जण तो शब्द मोबाइलवर शोधतात. समोर पहिले नाव येते ते मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग. त्या क्षणापासून घरातल्या कुणालाच झोप लागत नाही.

एम प्रोटीन ही एक खूण आहे, तो आजार नव्हे. ही खूण दिसणारे आजार अनेक आहेत. त्यांतील सर्वांत जास्त आढळणाऱ्या अवस्थेला कोणतेही औषध लागत नाही, फक्त ठरावीक काळाने तपासणी लागते. दुसऱ्या टोकाला असे आजार आहेत, ज्यांत काही आठवड्यांचा उशीरही हृदयाला किंवा मूत्रपिंडाला महागात पडतो. म्हणून या आजारांत फरक करणे हे निदानातील सर्वांत महत्त्वाचे काम असते. ते कसे केले जाते आणि त्यात गल्लत कुठे होऊ शकते, हे या लेखात पाहू.

प्लाझ्मा पेशी आणि एम प्रोटीन म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या आतील मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, रक्तातील पेशी तयार होतात. तिथेच प्लाझ्मा पेशीही राहतात. निरोगी माणसात त्यांचे प्रमाण मॅरोतील शंभर पेशींमागे साधारण पाचपेक्षा कमी असते. जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे अँटीबॉडी, तयार करणे हे त्यांचे काम. या प्रतिद्रव्यांना इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. प्रत्येक प्रतिद्रव्यात दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीवरून आयजीजी, आयजीए, आयजीएम असे प्रकार पडतात. हलकी साखळी, म्हणजे लाइट चेन, कॅप्पा किंवा लॅम्डा या दोनपैकी एका प्रकारची असते.

निरोगी शरीरात हजारो प्रकारच्या प्लाझ्मा पेशी हजारो प्रकारची प्रतिद्रव्ये बनवतात. कधीकधी त्यांतील एकाच पेशीच्या असंख्य प्रती तयार होतात आणि त्या सगळ्या हुबेहूब एकसारखे प्रथिन रक्तात सोडू लागतात. गणपतीच्या कारखान्यात एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघाव्यात, तसा हा प्रकार. अशा पेशींच्या समूहाला क्लोन म्हणतात आणि त्यांनी बनवलेल्या प्रथिनाला मोनोक्लोनल प्रोटीन किंवा एम प्रोटीन.

टेकडी की सुळका?

सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करून त्यांचा आलेख काढतात. आलेखाच्या शेवटी प्रतिद्रव्यांचा भाग असतो. तिथे दोन वेगळ्या आकृती दिसू शकतात.

पसरट टेकडीसारखा उंचवटा दिसला, तर अनेक प्रकारची प्रतिद्रव्ये एकदम वाढली आहेत असा अर्थ होतो. याला पॉलिक्लोनल वाढ म्हणतात. क्षयरोग, एचआयव्ही, यकृताचा जुना आजार, संधिवात, जुनाट संसर्ग यांत असे होते. ही वाढ प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची खूण नाही. येथे मूळ कारण शोधून त्यावर उपचार करायचे असतात.

सरळ उभा, निमुळता सुळका दिसला, तर ते एम प्रोटीन असण्याची शक्यता असते. त्याची खात्री इम्युनोफिक्सेशन या तपासणीने करतात. त्यावरून ‘आयजीजी कॅप्पा’ किंवा ‘आयजीए लॅम्डा’ असा नेमका प्रकार कळतो.

म्हणून ‘ग्लोब्युलिन वाढले आहे’ एवढ्यावरून घाबरू नका. रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न विचारा: ही टेकडी आहे की सुळका?

निदान ठरवणारे तीन प्रश्न

एम प्रोटीन असल्याचे नक्की झाल्यावर डॉक्टर तीन प्रश्नांची उत्तरे शोधतात.

१. रक्तात आणि लघवीत एम प्रोटीन किती आहे आणि ते कोणत्या प्रकारचे आहे?
२. बोन मॅरोमध्ये एकाच क्लोनच्या प्लाझ्मा पेशी किती टक्के आहेत?
३. या पेशींमुळे किंवा या प्रथिनामुळे शरीरातील एखाद्या अवयवाचे नुकसान झाले आहे का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. का, ते तीन काल्पनिक उदाहरणांवरून समजेल.

पहिल्या आजी ६८ वर्षांच्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत एम प्रोटीन ०.८ ग्रॅम आढळले. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन, फ्री लाइट चेनचे गुणोत्तर आणि लघवी सारे ठीक. हाडांची तक्रार म्हणजे फक्त झिजलेला गुडघा. हे एमजीयूएस. औषधाची गरज नाही.

दुसरे काका ५७ वर्षांचे. चार महिन्यांपासून पाठ दुखते, हिमोग्लोबिन ७.८, क्रिएटिनिन २.६, एम प्रोटीन ४.२ ग्रॅम, मॅरोमध्ये ४० टक्के प्लाझ्मा पेशी. हा मल्टिपल मायलोमा. उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

तिसऱ्या काकू ६१ वर्षांच्या. एम प्रोटीन अवघे ०.६ ग्रॅम, म्हणजे पहिल्या आजींपेक्षाही कमी. हिमोग्लोबिन ठीक, हाडे ठीक. पण लघवीला फेस येतो, पाय सुजतात आणि जिना चढताना दम लागतो. हा एएल अमायलॉइडोसिस असू शकतो आणि त्याचा शोध त्याच आठवड्यात घ्यायला हवा.

म्हणजे प्रथिनाच्या आकड्यावरून आजाराची गंभीरता कळत नाही. ते प्रथिन शरीरात काय करते आहे, त्यावरून कळते. आता एकेक अवस्था पाहू. पुढे एम प्रोटीनचे आकडे ‘ग्रॅम’मध्ये दिले आहेत, ते दर डेसिलिटर रक्तातील समजावेत.

एमजीयूएस: लक्ष ठेवायचे, औषध नाही

एमजीयूएस या नावाचा अर्थ ‘ज्याचे महत्त्व आज निश्चित सांगता येत नाही असे एम प्रोटीन’. हे नाव अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये रूढ केले. निदानासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात: एम प्रोटीन ३ ग्रॅमपेक्षा कमी, मॅरोमध्ये क्लोनल प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि त्यांच्यामुळे कोणत्याही अवयवाचे नुकसान नाही.

ही अवस्था दुर्मीळ नाही. मेयो क्लिनिकने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका जिल्ह्यात केलेल्या मोठ्या पाहणीत ५० वर्षांवरील सुमारे ३ टक्के लोकांत ती आढळली. वयाबरोबर हे प्रमाण वाढते. त्यांतील बहुतेकांना काहीही त्रास नव्हता.

एमजीयूएसचे रूपांतर मायलोमा किंवा तत्सम आजारात होण्याची शक्यता सरासरी दर वर्षी १ टक्का असते. शंभर जणांवर दहा वर्षे लक्ष ठेवले, तर साधारण दहा जणांत आजार पुढे सरकतो, नव्वद जणांत नाही. मात्र ही शक्यता सर्वांना सारखी नसते. एम प्रोटीन १.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असणे, ते आयजीजी सोडून इतर प्रकारचे असणे आणि फ्री लाइट चेनचे गुणोत्तर बिघडलेले असणे, या तीन गोष्टींमुळे जोखीम वाढते. तिन्ही नसतील तर धोका फारच कमी असतो.

निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. आकडे स्थिर असतील तर पुढे वर्षातून एकदा, आणि जोखीम कमी असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा. एमजीयूएसवर ‘खबरदारी म्हणून’ केमोथेरपी दिली जात नाही. त्याने फायदा सिद्ध झालेला नाही आणि दुष्परिणाम मात्र होतात. पण ‘काही नाही’ म्हणून फाइल कपाटात टाकून देणेही चुकीचे. लक्षणे बदलली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

स्मोल्डरिंग मायलोमा: धुमसणारी अवस्था

येथे पेशी आणि प्रथिन एमजीयूएसपेक्षा जास्त असतात, पण अवयवांचे नुकसान झालेले नसते. एम प्रोटीन ३ ग्रॅम किंवा जास्त, किंवा मॅरोमध्ये क्लोनल प्लाझ्मा पेशी १० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, किंवा २४ तासांच्या लघवीत ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त एम प्रोटीन, यांपैकी काही आढळले आणि मायलोमाची पुढे दिलेली कोणतीही खूण नसेल, तर हे नाव देतात.

पहिली पाच वर्षे मायलोमा होण्याची शक्यता सरासरी दर वर्षी १० टक्के असते. पुढची पाच वर्षे ती दर वर्षी सुमारे ३ टक्क्यांवर आणि त्यानंतर १ टक्क्यावर येते. मॅरोतील पेशी २० टक्क्यांपेक्षा जास्त, एम प्रोटीन २ ग्रॅमपेक्षा जास्त आणि फ्री लाइट चेनचे गुणोत्तर २० पेक्षा जास्त, यांपैकी दोन किंवा तिन्ही गोष्टी असतील तर जोखीम जास्त समजतात.

या अवस्थेत बहुतेकांना दर तीन-चार महिन्यांनी तपासणी हाच उपचार असतो. जास्त जोखमीच्या रुग्णांबाबत विचार बदलत आहे. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅक्विला’ या चाचणीत अशा रुग्णांना डाराटुमुमॅब हे औषध लवकर दिल्याने आजार पुढे जाण्याचे प्रमाण कमी झाले. आपल्या बाबतीत त्याची गरज आहे का, हे रक्तरोगतज्ज्ञांशी, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टशी, सविस्तर बोलूनच ठरवावे.

मल्टिपल मायलोमा: नुकसान सुरू झाले आहे, किंवा होण्याच्या बेतात आहे

मायलोमाच्या निदानासाठी मॅरोमध्ये क्लोनल प्लाझ्मा पेशी १० टक्के किंवा जास्त असाव्या लागतात, किंवा प्लाझ्मा पेशींची गाठ बायोप्सीने सिद्ध व्हावी लागते. त्याच्या जोडीला खालीलपैकी किमान एक गोष्ट हवी.

अवयवांच्या नुकसानीच्या चार खुणा आहेत. डॉक्टर त्यांना एकत्रितपणे ‘क्रॅब’ म्हणतात.

• कॅल्शियम ११ मिलिग्रॅमपेक्षा जास्त. यामुळे खूप तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळलेपणा जाणवतो.
• मूत्रपिंडावर परिणाम: क्रिएटिनिन २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त, किंवा मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ४० मिलिलिटरपेक्षा कमी.
• रक्तक्षय: हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी, किंवा सामान्य पातळीच्या खालच्या मर्यादेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त घटलेले.
• हाडे: सीटी किंवा पेट-सीटीमध्ये हाड पोखरलेली एक किंवा अधिक ठिकाणे.

पूर्वी यांपैकी एखादे नुकसान झाल्याशिवाय मायलोमाचा उपचार सुरू करत नसत. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने निकष बदलले. ज्यांना लवकरच नुकसान होणार हे जवळजवळ नक्की आहे, अशांसाठी तीन खुणा जोडल्या: मॅरोमध्ये क्लोनल पेशी ६० टक्के किंवा जास्त, वाढलेल्या लाइट चेनचे दुसरीशी गुणोत्तर १०० किंवा जास्त, आणि एमआरआयमध्ये हाडात एकापेक्षा जास्त डाग. यांतील एकही असेल, तर लक्षणे नसतानाही तो मायलोमाच समजून उपचार सुरू करतात. हाड मोडेपर्यंत किंवा डायलिसिस लागेपर्यंत थांबण्याची गरज आता उरलेली नाही.

प्लाझ्मा पेशी मोठ्या संख्येने मॅरोबाहेर पडून रक्तात फिरू लागल्या, तर त्याला प्लाझ्मा सेल ल्युकेमिया म्हणतात. २०२१ पासून रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये ५ टक्के किंवा जास्त प्लाझ्मा पेशी, हा त्याचा निकष मानला जातो. हा प्रकार दुर्मीळ पण आक्रमक आहे. म्हणून पॅथॉलॉजिस्टने रक्ताची काच स्वतः पाहणे महत्त्वाचे असते.

एकच गाठ असेल तर?

कधीकधी प्लाझ्मा पेशींची एकच गाठ एखाद्या हाडात, किंवा नाक-घशासारख्या मऊ भागात, आढळते. इतर हाडे आणि बोन मॅरो स्वच्छ असतात. याला सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा म्हणतात. यात मुख्य उपचार रेडिएशनचा आहे आणि तो गाठ पूर्ण घालवण्यासाठीच दिला जातो.

पण ‘एकच आहे’ हे म्हणण्याआधी संपूर्ण शरीराचे पेट-सीटी किंवा एमआरआय आणि बोन मॅरो तपासणी झालेली असायला हवी. नुसत्या एक्स-रेवर विसंबून राहता येत नाही, कारण हाडाचा बराच भाग पोखरला जाईपर्यंत एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. उपचारानंतरही नियमित तपासणी लागते. विशेषतः हाडातील गाठ असलेल्या अनेकांना पुढे मायलोमा होऊ शकतो.

प्रथिन थोडे, नुकसान मोठे

हा भाग नीट वाचा, कारण सर्वांत जास्त उशीर येथेच होतो.

एएल अमायलॉइडोसिसमध्ये प्लाझ्मा पेशींची संख्या बहुधा थोडी असते. पण त्यांनी बनवलेल्या हलक्या साखळ्या चुकीच्या पद्धतीने दुमडतात आणि त्यांचे चिवट तंतू अवयवांत साचतात. मॅरोचा रिपोर्ट पाहून ‘हे तर एमजीयूएस’ असे वाटू शकते. तिकडे हृदयाच्या भिंती जाड आणि ताठ होत असतात.

पुढील गोष्टी एम प्रोटीनसोबत आढळल्या, तर डॉक्टरांना ‘अमायलॉइडोसिस असू शकतो का?’ असे स्पष्ट विचारा:

• लघवीला फेस येणे, पायावर आणि चेहऱ्यावर सूज
• दम लागणे, इकोमध्ये हृदयाच्या भिंती जाड दिसणे, पण ईसीजीतील रेषा मात्र लहान असणे
• वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब अचानक कमी राहू लागणे, उभे राहताच चक्कर येणे
• हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, दोन्ही हातांत कार्पल टनेलचा त्रास
• जीभ जाड होणे, मार न लागता डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडणे
• कारण नसताना वजन घटणे

निदानासाठी ऊतीचा तुकडा लागतो. अनेकदा पोटावरच्या त्वचेखालची चरबी सुईने काढून तपासतात. चरबीत काही मिळाले नाही आणि संशय कायम असेल, तर मॅरोचा किंवा बाधित अवयवाचा तुकडा घेतात. काँगो रेड या रंगाने रंगवल्यावर अमायलॉइड विशिष्ट प्रकाशात हिरवट चमकते. एवढ्यावर थांबून चालत नाही, अमायलॉइड कोणत्या प्रथिनाचे आहे हेही ठरवावे लागते. वयस्कर माणसांत, विशेषतः पुरुषांत, ट्रान्सथायरेटिन नावाच्या वेगळ्या प्रथिनाचे अमायलॉइडही हृदयात साचते आणि त्याच व्यक्तीला योगायोगाने एमजीयूएसही असू शकते. या दोन प्रकारांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. प्रकार चुकला, तर गरज नसताना केमोथेरपी दिली जाऊ शकते.

याच गटात आणखी दोन अवस्था येतात. एम प्रोटीन थोडेच असूनही मूत्रपिंडाला इजा करत असेल, तर त्याला एमजीआरएस म्हणतात. लघवीतून प्रथिन किंवा रक्त जात असेल आणि कारण स्पष्ट नसेल, तर मूत्रपिंडाची बायोप्सी करावी लागते. दुसरी अवस्था म्हणजे पोएम्स सिंड्रोम. यात पायांपासून सुरू होणारा बधिरपणा आणि अशक्तपणा वाढत जातो. त्वचा काळवंडते, यकृत किंवा प्लीहा वाढते, हार्मोन बिघडतात. एम प्रोटीन जवळजवळ नेहमी लॅम्डा प्रकारचे असते, हाडातले डाग पोखरलेले नसून बहुधा दाट असतात आणि रक्तातील व्हीईजीएफ वाढलेले असते. अशा रुग्णांवर कित्येकदा दीर्घकाळ नुसत्या नसांच्या आजाराचे उपचार होत राहतात.

आयजीएम आढळले तर वाट वेगळी

एम प्रोटीन आयजीएम प्रकारचे असेल, तर मायलोमाची शक्यता खूप कमी असते. येथे डॉक्टर वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमियाचा विचार करतात. स्वीडनचे डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये त्याचे वर्णन केले. हा एक संथ गतीचा लिम्फोमा आहे. मॅरोमध्ये प्लाझ्मा पेशींबरोबर लिम्फोसाइट पेशीही असतात. लसिकाग्रंथी आणि प्लीहा वाढू शकते, पण हाडे पोखरली जाणे क्वचितच दिसते. नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत एमवायडी८८ या जनुकातील बदल सापडतो.

आयजीएमचे रेणू आकाराने मोठे असल्याने ते खूप वाढले की रक्त घट्ट होते. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, धूसर दिसणे, सतत डोकेदुखी, सुस्ती ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी प्लाझ्माफेरेसिसने ते प्रथिन तातडीने काढावे लागते. लक्षणे नसतील, तर वाल्डेनस्ट्रॉममध्येही अनेकदा केवळ लक्ष ठेवतात.

कोणती तपासणी कशासाठी?

सीरम इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन: एम प्रोटीन आहे का, किती आणि कोणत्या प्रकारचे.

सीरम फ्री लाइट चेन: मायलोमाच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत पूर्ण प्रतिद्रव्य बनतच नाही, फक्त हलक्या साखळ्या बनतात. त्यांचा इलेक्ट्रोफोरेसिस जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ही तपासणी सोबत हवीच. कॅप्पा आणि लॅम्डाचे गुणोत्तर साधारण ०.२६ ते १.६५ असते. मूत्रपिंड कमजोर असेल, तर दोन्ही साखळ्या वाढतात आणि गुणोत्तर ३ च्या आसपास गेले तरी त्याचा अर्थ क्लोन असा होतोच असे नाही.

२४ तासांची लघवी: पट्टीवर केलेल्या साध्या तपासणीत मुख्यतः अल्ब्युमिन कळते, लाइट चेन निसटतात. पट्टीवर फारसे काही नाही, पण २४ तासांच्या लघवीत प्रथिन भरपूर असेल, तर मायलोमाचा संशय येतो. उलट, लघवीतून मुख्यतः अल्ब्युमिन जात असेल, तर अमायलॉइडोसिस किंवा मधुमेहासारख्या कारणांकडे लक्ष जाते.

बोन मॅरो: कमरेच्या मागच्या हाडातून, तो भाग बधिर करून नमुना घेतात. पेशींची टक्केवारी, त्या एकाच क्लोनच्या आहेत का आणि त्यांतील जनुकीय बदल यांतून कळतात. संसर्गातही प्लाझ्मा पेशी वाढतात, पण त्या कॅप्पा-लॅम्डा मिश्र असतात. लक्षणे नसतील, आयजीजी १.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल आणि लाइट चेनचे गुणोत्तर नॉर्मल असेल, तर ही तपासणी पुढे ढकलता येते.

हाडांचे चित्रण: संपूर्ण शरीराचे लो-डोस सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय. नेहमीचा आयसोटोप बोन स्कॅन मायलोमासाठी भरवशाचा नाही. तो नवे हाड तयार होत असेल तिथे उजळतो, मायलोमात मात्र हाड नुसते पोखरले जाते.

गल्लत कुठे होते?

पाठीचा मणका आणि क्षयरोग: आपल्याकडे मणक्याचा टीबी बराच आढळतो. मणका दबलेला दिसला, ईएसआर वाढलेला आला, की कधीकधी बायोप्सीशिवाय टीबीची औषधे सुरू होतात. मायलोमातही नेमके हेच दिसते. टीबीत बहुधा दोन मणक्यांमधील चकतीही बिघडते, मायलोमात ती बहुतेक वेळा शाबूत राहते. तरीही खात्री नमुना तपासूनच होते.

रक्तक्षय आणि लोहाच्या गोळ्या: पन्नाशीनंतर हिमोग्लोबिन कमी, हाडे दुखतात, गोळ्यांनी फरक नाही, असे असेल तर एकूण प्रथिन आणि ग्लोब्युलिन पाहायला हवे. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत मायलोमा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात दिसतो, त्यामुळे ‘वय नाही’ म्हणून सोडून देऊ नये.

उलट दिशेची चूक: एखाद्याला एमजीयूएस आहे आणि वीस वर्षांच्या मधुमेहामुळे क्रिएटिनिन वाढले आहे, किंवा मूळव्याधीच्या रक्तस्रावाने हिमोग्लोबिन घटले आहे. येथे आकडे मायलोमासारखे दिसतात, पण कारण वेगळे असते. क्रॅबमधील खूण प्लाझ्मा पेशींमुळेच आहे असे पटल्याशिवाय मायलोमाचा शिक्का मारता येत नाही.

ताबडतोब रुग्णालयात कधी जायचे?

• पायातील ताकद कमी होणे, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, कमरेखाली बधिरपणा. मज्जारज्जूवर दाब असू शकतो, त्याच दिवशी एमआरआय लागतो.
• गोंधळ, अति सुस्ती, खूप तहान आणि उलट्या
• लघवी खूप कमी होणे
• ताप आणि थंडी, विशेषतः उपचार सुरू असताना
• धूसर दृष्टी आणि वारंवार नाकातून रक्त
• वाढता दम, बेशुद्ध पडणे

निदान पूर्ण होईपर्यंत मेडिकलमधून स्वतःहून वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी औषधे आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांना इजा करतात. डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवायला सांगितले नसेल, तर पुरेसे पाणी प्या. सीटीसाठी शिरेतून डाय देणार असतील, तर एम प्रोटीनबद्दल आधी सांगा.

डॉक्टरांना काय विचाराल?

आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांकडे ही शंका पहिल्यांदा येते, पण अंतिम निदान रक्तरोगतज्ज्ञांनी करायचे असते. त्यांच्याकडे जाताना सर्व जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. दोन वर्षांपूर्वीचे हिमोग्लोबिन किंवा क्रिएटिनिन किती होते, हे आजच्या आकड्याइतकेच उपयोगी पडते. हे प्रश्न लिहून ठेवा:

१. माझ्या एम प्रोटीनचा प्रकार आणि प्रमाण काय आहे? फ्री लाइट चेन तपासल्या का?
२. मॅरोमध्ये क्लोनल पेशी किती टक्के आहेत? मॅरो केली नसेल तर का?
३. माझ्या अवयवांचे नुकसान झाले आहे का? असेल तर ते यामुळेच आहे हे कशावरून?
४. अमायलॉइडोसिसचा विचार झाला आहे का?
५. उपचार हवेत की लक्ष ठेवायचे? पुढची तपासणी केव्हा?

निदानावर किंवा उपचारांवर शंका असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यात संकोच नको. मॅरोच्या आणि बायोप्सीच्या काचा व ब्लॉक मागून घेता येतात आणि मोठ्या केंद्रात पुन्हा तपासता येतात. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. आपले उपचार योजनेत बसतात का, हे त्यांच्याकडे आधीच विचारून घ्या.

घरच्यांसाठी एक विनंती. ‘एमजीयूएस’ असे निदान झालेल्या माणसाला कर्करोगाचा रुग्ण म्हणून वागवू नका. त्यांचे काम, प्रवास, जेवण नेहमीसारखे चालू राहू द्या. फक्त पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा आणि ती चुकवू नका.